शंभर मीटरला एकशे वीस पावलं

हवालदारांना भाषण करता यायचं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तरी वर्षातून पाच-सहा शाळा त्यांना बोलवायच्याच. पदकवाला माणूस अख्ख्या वस्तीत एकच, मग बोलवणार तरी कुणाला? हवालदार इस्त्रीचा कोट घालून जायचे, व्यासपीठावरच्या खुर्चीत ताठ बसायचे, मुख्याध्यापक त्यांच्या पराक्रमाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचे, आणि शेवटी हवालदार उठून म्हणायचे, "मुलांनो, नीट अभ्यास करा. आईवडिलांना त्रास देऊ नका." झालं भाषण! मुलं टाळ्यांचा कडकडाट करायची, कारण इतकं आटोपशीर भाषण त्यांनी दुसरं ऐकलेलंच नसायचं.

खरं म्हणजे त्या गोष्टीला तिखटमीठ लावायची काही गरज नव्हती. डोंगरातली खिंड, वरून गोळ्यांचा मारा, पुढे शत्रूने पेरून ठेवलेले सुरुंग, आणि मागे अडकून पडलेली आपली माणसं. तिशीतले हवालदार पोटावर सरपटत पुढे गेले आणि हातातल्या सळईने वीत वीत जमीन टोचत त्यांनी चाळीस मीटरची वाट मोकळी करून दिली. अर्ध्यात असताना तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसला. तरी मागे फिरले नाहीत. ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते त्यानंतर चार दिवसांनी घडलेलं, आणि ते कुठल्याही मुख्याध्यापकाला माहीत नव्हतं. हवालदारांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं, म्हणजे बघा.

पुढे पदक मिळालं, बढत्या मिळाल्या, प्रशिक्षण केंद्रात पोरांना सुरुंगाचं काम शिकवण्यात वीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर खडीच्या खाणीत सुरक्षेची देखरेख केली. हुद्दा कधीचा वाढला होता, पण लोकांच्या तोंडी 'हवालदार' बसलं ते बसलं. आता एकाहत्तरावं चालू होतं. डाव्या पायात थोडी लचक होती, बाकी तब्येत ठणठणीत. आणि एका रविवारी सकाळी बडबड्याची मुलगी फाइल घेऊन दारात उभी राहिली.

बडबड्या म्हणजे हवालदारांचा पलटणीतला जोडीदार. पलटणीत खऱ्या नावाने हाक मारतंय कोण! ह्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं म्हणून हा बडबड्या, आणि हवालदारांचं पाऊल मोजून-मापून पडायचं म्हणून ते फूटपट्टी. शंभर मीटरला एकशे वीस पावलं. चढ असो, चिखल असो, पाठीवर ओझं असो, एकशे एकविसावं पाऊल पडायचं नाही. "ह्याला लग्नात बोहल्यावर नेलं तरी पावलं मोजेल," असं बडबड्या सगळ्यांना सांगत फिरायचा. लढाई संपून सहा आठवडे झाले आणि सुरुंग काढताना बडबड्या गेला. मुलगी त्यानंतर तीन महिन्यांनी जन्मली. आज तीही चाळिशीची झाली होती.

"या या, मोजणीवाल्या बाई!" हवालदार म्हणाले. ती जमीन मोजणी खात्यात होती. भिंतीवरून भांडणाऱ्या भावाभावांच्या मध्ये टेप धरून उभं राहायचं, हे तिचं काम. "आज सुट्टीच्या दिवशी कुणाची हद्द मोजायला निघालात?"

"बाबांची," ती म्हणाली, आणि हसली नाही.

चहा आला. हवालदारांच्या बायकोने बिस्किटांची बशी ठेवली आणि मुलीच्या पाठीवरून हात फिरवून ती आत कामाला गेली. मुलीने फाइल उघडली. चाळीस वर्षांपूर्वीचे कागद आता घरच्यांना बघायला मिळतात, असं कळल्यावर तिने अर्ज केला होता. वर्षभर खेटे घातल्यावर दोन कागदांच्या नकला हातात पडल्या होत्या.

"हा चौकशीचा अहवाल," ती म्हणाली. "सुरुंगांची पहिली ओळ पुलाच्या खांबापासून तीनशे मीटरवर. दोनशे पंच्याण्णवला थांबून तिथून पुढे टोचत जायचं. बाबा बोलण्याच्या नादात ती खूण ओलांडून पुढे गेले. म्हणून 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू'. आणि म्हणून स्मारकावर नाव नाही. पलटणीतल्या गेलेल्या सगळ्यांची नावं आहेत काका, एक त्यांचंच नाही. लहानपणी शाळेची सहल तिथे गेली होती. मी आपली शोधतेय, शोधतेय."

हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि हा दुसरा कागद म्हणजे सुरुंग पेरल्याची नोंद. अक्षर तुमचं आहे ना?"

"माझंच."

"मग मला एक सांगा. हा आकडा तीनशे. नुसता तीनशे, पुढे काही नाही. आमच्याकडे असा गुळगुळीत आकडा आला ना, की आमचे साहेब लगेच कागद परत पाठवतात. खरं अंतर असं गोल येतंय कुठे? मला वाटतं मोजण्यातच काहीतरी चुकलंय. चुकलं असेल तर नाव लावायच्या अर्जाला आधार मिळेल. हे मोजलं कशाने होतं? टेपने की पावलांनी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. चौकशी समितीने विचारला नव्हता, साहेबांनी विचारला नव्हता. आणि विचारला कुणी, तर जिला त्यांनी मांडीवर बसवून पाढे शिकवले होते तिने. सांगायचं म्हटलं तर एका शब्दाचं काम होतं.

"टेपने," ते म्हणाले.

मुलीचा चेहरा पडला. तिने पेनाला टोपण लावलं. "टेपने मोजलं असेल आणि तेही तुम्ही, तर चुकणार नाही. म्हणजे बाबाच पुढे गेले. आई म्हणते तेच खरं. ती तर अजूनही त्यांना बोलच लावते." फाइल पिशवीत घालताना ती म्हणाली, "जाऊ दे. विचारल्याशिवाय चैन पडत नव्हतं, म्हणून आले. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

मनाला लावून घेऊ नका म्हणे! ती जिना उतरून गेली तरी हवालदार दाराची कडी धरून उभे होते. मेलेल्या जोडीदाराला त्यांनी त्याच्याच मुलीच्या तोंडून गुन्हेगार ठरवून घेतलं होतं.

झालं होतं ते असं. खिंड ताब्यात आली, पण शत्रू उलटून येणार हे नक्की होतं. चौथ्या दिवशी हुकूम आला की आता आपण सुरुंग पेरायचे, दोन तासांत. मोजायची साखळी ट्रकाबरोबर जळून गेली होती. साहेब म्हणाले, "फूटपट्टी आहे की आपल्याकडे." हवालदारांना दवाखान्यात जायला सांगितलं होतं, ते गेले नव्हते. मांडीला करकचून पट्टी बांधून त्यांनी होकायंत्र हातात घेतलं, पुलाच्या खांबाला पाठ लावली आणि धुक्यात पावलं मोजायला सुरुवात केली. तीनशे साठ. शंभराला एकशे वीस, म्हणजे तीनशे मीटर झाले. तिथे पहिली ओळ पेरली, कागदावर आकडा लिहिला आणि खाली सही केली. संध्याकाळी ताप चढला, आणि मग त्यांना उचलूनच न्यावं लागलं.

लढाई थांबल्यावर तोच कागद हातात घेऊन बडबड्या आणि बाकीचे सुरुंग काढायला गेले. ह्या वेळी टेप होती. हवालदार दवाखान्यातच होते. स्फोटानंतर काम थांबवलं, आणि आठवड्याभरात ती जमीन करारात पलीकडच्यांना परत गेली, त्यामुळे तिथे जाऊन पुन्हा मोजायचा प्रश्नच उरला नाही. चौकशी टेबलावर झाली. कागद बरोबर आहे असं धरलं, म्हणजे माणूस चुकला. त्यात त्या सकाळी बडबड्याने चहाच्या वेळी सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं होतं, असं दोघांनी सांगितलं. झालं, बडबडा माणूस बडबडीत गेला! समितीचा एक साहेब दवाखान्यात येऊन हवालदारांना म्हणाला, "तुमची नोंद बरोबर आहे ना?" हवालदार म्हणाले, "शंभर टक्के, साहेब." तेव्हा ते खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दोन वर्षांनी प्रशिक्षण केंद्रात नव्या पोरांना पाऊल कसं तपासायचं ते शिकवत होते. शंभर मीटरची टेप जमिनीवर पसरलेली. "बघा," म्हणून स्वतः चालून दाखवलं आणि एकशे बावीस आले. पोरं हसली. पुन्हा चालले, पुन्हा एकशे बावीस. जखम भरलेली असताना दोन पावलं वाढली, मग उघडी असताना किती? पोरांना जेवायला पाठवून त्यांनी मांडीला पट्टी आवळली, तेव्हा आवळली होती तशीच, आणि पाय ओढत त्या टेपवरून चालले. एकशे चोवीस. तीनशे साठ पावलांचा हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही. दोनशे नव्वद मीटर. सुरुंग तीनशेवर नव्हतेच, दहा मीटर अलीकडे होते. बडबड्या खुणेपर्यंत पोचलासुद्धा नव्हता. कागदावर विसंबून सरळ चालत गेला होता. फूटपट्टीचा कागद म्हटल्यावर कोण शंका घेणार! पोरं जेवून यायच्या आत हवालदारांनी टेप गुंडाळून ठेवली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मग बोलले का नाहीत? अहो, आज बोलू, उद्या बोलू, असं करता करताच माणसाची वर्षं जातात. पदक नुकतंच मिळालं होतं. चौकशी बंद झाली होती. बोलून काही बडबड्या परत येणार नव्हता. अशी मनाची समजूत घालून ते रजा टाकून बडबड्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोला वहिनी म्हणाले, तिच्या गळक्या नळाला वायसर बसवून आले. मग दर रजेला जायला लागले. वहिनी शाळांचे गणवेश शिवायच्या. हवालदार त्यांच्या मशीनला तेल द्यायचे, मुलीला पाढे शिकवायचे, दुपारी तिथेच जेवायचे. "सख्खा दीर काय करील इतकं भावजी करतात," असं वहिनी शेजारणींना सांगायच्या. ते ऐकून हवालदारांचा हात ताटातच थांबायचा, आणि वहिनी म्हणायच्या, "भावजी, लाजताय काय? घ्या की अजून."

त्या रविवारी दुपारी हवालदारांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून हातातली उशीची खोळ तिने तशीच धरून ठेवली.

"चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलात," ती म्हणाली, "आणि हे पोटात ठेवून?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला सांगायलाच लावलं असतंस."

"नसतं लावलं," ती म्हणाली. "आणि आताही सांगते, वहिनींपाशी तोंड उघडू नका. तुमच्या छातीवरचं ओझं उतरेल हो. पण ते टाकणार कुणाच्या डोक्यावर? त्या बाईला लेक सोडली तर तुमच्याशिवाय आहे कोण? म्हातारपणी तेवढाही आधार काढून घेणार आहात का?"

बायको खरंच बोलत होती. "मग ऑफिसात सांगतो," ते म्हणाले. "निदान त्याचं नाव तरी लागेल."

दुसऱ्या दिवशी ते पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात गेले. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांवर दोरीने बांधलेल्या फायली. तिथला मेजर जेमतेम पस्तिशीचा. हवालदारांना बघून ताडकन उभा राहिला, सलाम ठोकला, खुर्ची पुढे केली.

"सर, प्रशिक्षणात तुमचा फोटो रोज बघायचो आम्ही! बोला, काय सेवा करू?"

हवालदारांनी एका दमात सगळं सांगितलं. जळालेली साखळी, मांडीची पट्टी, तीनशे साठ पावलं, दहा मीटर. मेजर मन लावून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचे डोळे पाणावले, तेव्हा हवालदारांना वाटलं, चला, पटलं एकदाचं.

"सर," मेजर म्हणाला, "जोडीदारासाठी आजही स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार आहात तुम्ही. असं मन आता बघायला मिळत नाही."

"अहो, अंगावर घेत नाहीये मी! झालंय ते सांगतोय. टेप आणा, आत्ता चालून दाखवतो."

"सर, एकाहत्तराव्या वर्षी कुणाचंही पाऊल आखूडच पडणार." त्याने हवालदारांपुढे पाण्याचा पेला सरकवला. "ही नोंद चुकीची म्हटली की तुमची सही चुकीची. मग लोक तुमच्या बाकीच्या नोंदी काढतील, पदकाच्या फाइलपर्यंत जातील. कशाला? मी दुसरं करतो. 'अतिवृष्टीमुळे जमीन सरकून सुरुंग जागचे हलल्याची शक्यता नाकारता येत नाही.' निष्काळजीपणाचा शेरा जाईल, नाव लागेल, घरच्यांना पत्र जाईल. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"पण जमीन सरकली नव्हती."

"सर, झालं तसंच लिहायचं म्हटलं तर ह्या व्हरांड्यातली एक फाइल बंद होणार नाही." मेजर हसला आणि त्याने कारकुनाला हाक मारली.

हवालदारांनी सही केली. खोटं कशाला बोला, सही करताना त्यांना आनंद झाला. बडबड्याचं नाव लागणार, मुलीचा जीव निवणार, वहिनींच्या घरचं ताट आपलं तसंच राहणार. सगळ्यांचं सगळं सांभाळून झालं होतं. बस मिळेपर्यंत ते स्टॉपवर शीळ घालत उभे होते. तो आनंद अडीच महिने टिकला.

अडीच महिन्यांनी मुलीचा फोन आला. पत्र आलं होतं. ती रडत होती, हसत होती, काकांचे आभार मानत होती. "पण काका, आईचं काहीतरी बिनसलंय. पत्र तिने वाचलं, घडी करून मशीनच्या खणात टाकलं आणि शिवायला बसली. म्हणते, आधी भावजींना बोलाव."

हवालदार संध्याकाळी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, खिडकीशी मशीन, भिंतीशी कापलेल्या गणवेशांचा ढीग. वहिनींनी गुडघ्यांना पट्टे बांधलेले होते. मुलीने चहा दिला आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभी राहिली.

"भावजी, हा कागद तुम्ही लिहून घेतलात ना?" वहिनींनी थेट विचारलं.

"मी फक्त अर्जाला जोर लावला."

"जमीन सरकली म्हणे. जमीन काय घसरगुंडी आहे? मला वेडी समजतात का?" वहिनींनी चष्मा काढला. "पोरीला बरं वाटावं म्हणून लिहिलंय, ते मला कळतं. पण माझा नवरा मला माहीत आहे हो. लग्न लागतानासुद्धा तो गप्प बसला नाही. मला त्या कागदाचं काही नको."

"वहिनी, नाव लागतंय, ते महत्त्वाचं नाही का?"

"तुम्हाला एक सांगू? आजवर कुणाला सांगितलेलं नाही." त्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बोलत होत्या. "माणसं फोटोशी बोलतात. सुखदुःखाचं सांगतात. मी तो गेल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. फोटो ट्रंकेत उलटा ठेवलाय. पोटात पोर होतं माझ्या, आणि हा बाबा गप्पा छाटत मरायला गेला! एवढं एक तास तोंड मिटता आलं नाही? हिला पहिला दात आला, ही शाळेत पहिली आली, नोकरीला लागली, दर वेळी मी मनात त्याला शिव्याच घातल्यात. दुःख करायला मला वेळच झाला नाही, इतका राग." त्यांनी हवालदारांकडे बघितलं. "तुम्ही त्याच्याबरोबर काम केलंय. खरं सांगा. सुरुंग काढताना तो बोलायचा का?"

बायकोने बजावलेलं हवालदारांना आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. बोलायचा, असं म्हटलं की विषय मिटत होता. पण समोर ही बाई चाळीस वर्षं नको त्या माणसावर रागावून बसली होती, आणि ज्याच्यावर रागवायचं तो तिच्याच कपातून चहा पीत होता.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "तेव्हाच तेवढा गप्प असायचा. श्वास घेतलेला ऐकू यायचा नाही. आम्ही त्याची चेष्टा करायचो, की ह्याला गप्प करायचं तर हातात सुरुंग द्या."

"मग खुणेच्या पुढे गेला कसा?"

"पुढे गेलाच नाही. तो बरोबर होता. मी चुकलो."

आणि हवालदारांनी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. ह्या वेळी फार वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला," दारातून मुलगी म्हणाली. हवालदारांनी मान वर केली नाही.

"कधी कळलं तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"दोन वर्षांनी."

"म्हणजे ही पावणेदोन वर्षांची होती."

"हो."

"तुम्ही पहिल्यांदा आलात ते तेव्हाच. माझा नळ दुरुस्त केलात."

"हो."

"म्हणून आला होतात."

"हो वहिनी."

वहिनींनी मान हलवली. "चुकलात त्याचं मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मांडीत लोखंड घेऊन चालताना कुणीही चुकेल. तेव्हा येऊन सांगितलं असतंत, तर मी रडले असते, तुम्हाला चार शब्द बोलले असते, आणि मग जेवायला वाढलं असतं. पण तुम्ही इथे बसून मी त्याला बोल लावताना ऐकलंत. दर वर्षी ऐकलंत, भावजी. एकदासुद्धा म्हणाला नाहीत, की वहिनी, त्याला बोलू नका."

"माझी हिंमत झाली नाही."

"पदक दिलंय ना तुम्हाला हिमतीचं?" हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर हवालदारांना बरं वाटलं असतं. "त्याच्यावर रागावण्यात माझा जन्म गेला. आता तुमच्यावर रागवायला माझ्याकडे तेवढा उरलेला नाही. तुम्ही फक्त येत जाऊ नका."

हवालदार उठले. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण माफ करा म्हणायची मुदत कधीच उलटून गेली होती, हे त्यांना कळत होतं. मुलगी बाजूला झाली. दरवेळी खालपर्यंत सोडायला यायची, आज आली नाही. तिने दार लावलं, सावकाश, आवाज न करता.

जिन्याच्या वळणावर ते डाव्या पायाला विसावा द्यायला थांबले. तेवढ्यात आत ट्रंक ओढल्याचा आवाज झाला, कुलूप उघडल्याचा झाला, आणि मग वहिनींचं रडू फुटलं. असं रडू माणूस पहिल्या दिवशी रडतो, जेव्हा बातमी येते तेव्हा. मग त्या बोलायला लागल्या. "अहो," त्या म्हणत होत्या, "अहो, ऐका ना, मला ठाऊकच नव्हतं हो. मला कुणी सांगितलंच नाही." मग पोरीचं सांगायला लागल्या, तिच्या जन्मापासूनचं, एकामागून एक, मध्ये रडत, मध्ये हुंदका गिळत. बोलणं थांबेचना. हवालदार भिंतीला धरून ऐकत राहिले. मग हेही आपण ऐकायचं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते कठड्याला धरून खाली उतरायला लागले.